शेगडी तीच, घर नवं

मी एक जुनी शेगडी आहे, आणि मला माझी स्वतःचीच भीती वाटते.

मित्रांनो, हसू नका. तुम्हाला विंचवाची भीती वाटत असेल, अंधाराची वाटत असेल, गणिताच्या बाईंची वाटत असेल. त्यांच्यापासून तुम्हाला पळून तरी जाता येतं. मी माझ्यापासून कुठे पळू? मला पाय आहेत, पण ते लाकडी चौकटीचे आहेत आणि त्यातला एक आखूड आहे. म्हणून मी आपली एका जागी बसून घाबरते. माझी गोष्ट ऐकून तुम्हीही थोडे घाबरलात, तर मला बरं वाटेल.

माझा जन्म चिली देशात, माउले नदीच्या काठी, एका तांबटाच्या पडवीत झाला. त्याने जाड तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून मला पसरट केलं, दोन बाजूंना दोन कान बसवले आणि खाली लाकडाची चौकट दिली. ही तीन पिढ्यांना ऊब देईल, असं तो गिऱ्हाइकाला म्हणाला. गिऱ्हाईक म्हणजे ऑर्फेलिनाची आई. तिने मला लेकीच्या लग्नात दिलं, आणि बैलगाडीत गाद्यांच्या ढिगावर बसून मी लास पातागुआस या खेड्यात आले. तांबटाचं बोलणं खरं होत आलं होतं. तिसऱ्या पिढीपाशी मात्र माझ्या हातून घात व्हायची वेळ आली.

आमच्याकडे मे महिना लागला की पाऊस आणि थंडी बरोबरच येतात आणि सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकतात. रोज सकाळी ऑर्फेलिना मला अंगणात ठेवायची. पाईनचं वाळलं बोंड पेटवून त्यावर काटेरी एस्पिनोचा कोळसा रचायची. धूर सगळा बाहेरच जाऊ द्यायचा, कोळशावर काळा ठिपका उरला नाही की मला कान धरून आत न्यायचं. मग निखाऱ्यावर संत्र्याची साल आणि चिमूटभर साखर टाकायची. सालीने कोळशातलं विष मरतं, असं ऑर्फेलिनाची आई सांगायची. तिच्या आईनेही तिला तेच सांगितलं होतं. खोली गोड वासाने भरून जायची आणि मी फुशारून जायचे. धूर नाही, वास गोड, मग विष कुठून असणार, असं मलाही वाटायचं.

ते दिवस चांगले होते. माझ्यावर किटली असायची, माझ्या राखेत पुरलेला रोट खरपूस व्हायचा. पावसाच्या दिवशी भोपळ्याच्या पुऱ्या तळून झाल्या की सगळे माझ्याभोवती बसून माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट पानांचा चहा, प्यायचे. एकच नळी, एकच भांडं, आणि ते हातोहात फिरायचं. पाहुणा आला की माझा मान आणखी वाढायचा. पाहुण्यासाठी दोन ओंजळी जास्त कोळसा घालायचा, मला त्याच्या पायांपाशी सरकवायचं आणि दार घट्ट लावून घ्यायचं, कारण शेकलेल्या अंगात वारा शिरला तर माणूस आठ दिवस उठत नाही, अशी आमच्या गावाची समजूत. वैऱ्यालासुद्धा थंड शेगडीपाशी बसवू नये, असं ऑर्फेलिना म्हणायची, आणि ती बोलल्यासारखी वागायची.

ते जुनं घर मातीच्या विटांचं होतं. भिंतीत फटी, दाराखाली मांजर जाईल एवढी सांद, आणि कौलं अशी की झोपल्या झोपल्या आभाळ दिसावं. ऑर्फेलिना त्या फटींना रोज शिव्या घालायची. मीही घालायचे, कारण माझी अर्धी ऊब तिथून निघून जायची. आपण कोणाला शिव्या घालतोय, हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

ओढ्यापलीकडे रुदेसिंदा नावाची म्हातारी राहायची. नवरा नाही, मूल नाही, वीस मेंढ्या आणि एक काठी. गावात कोणाचं जनावर हरवलं की लोक तिच्याकडे जायचे. एकदा आमची घोडी नाहीशी झाली. सगळं गाव खाली नदीकडे शोधत सुटलं. रुदेसिंदा मात्र आमच्या कुंपणापाशी उभी राहिली, फाटकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "घोडी गेली तर जाईल. पण जाताना मागे आगळ लावून जाईल का?" मग तिने ऑर्फेलिनाच्या नवऱ्याला विचारलं की बाबा, काल कोणाला काही कबूल केलं होतंस का. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. त्यानेच घोडी साडूला दिली होती आणि तो साफ विसरला होता. गाव महिनाभर हसलं. ऑर्फेलिनाला मात्र ते हसू फार लागलं. पुढे नवरा वारला, तरी रुदेसिंदावरचा तो राग तिने मनात ठेवला.

मग तो भूकंप झाला. मित्रांनो, त्याबद्दल मी फार बोलत नाही, अजून माझे कान थरथरतात. जमीन ओरडते, हे तोपर्यंत मला माहीत नव्हतं. कौलं माझ्यावर पडली, भिंत माझ्यावर पडली, आणि मी नऊ दिवस मातीखाली होते. घरातली माणसं अंगणात होती म्हणून वाचली. ऑर्फेलिनाने मला स्वतःच्या हातांनी उकरून काढलं, माझी पोचलेली कड ठोकून सरळ केली आणि पुटपुटली की माझ्या आईची तेवढी एक वस्तू उरली.

वर्षभराने त्याच जागेवर नवं घर उभं राहिलं. लाकडी फळ्यांचं, पत्र्याचं छप्पर, काचेच्या खिडक्या. ऑर्फेलिनाचा मुलगा निबाल्दो आठवडाभर डोंगरात पाईनची झाडं तोडायला असायचा आणि शनिवारी घरी यायचा. आपल्या मुलीला, चार वर्षांच्या यास्नाला, पुन्हा थंडी वाजू नये म्हणून त्याने तीन रविवार खपून एकेक फट लोकरीने बुजवली, वर प्लास्टिक ठोकलं आणि दाराखाली जाड पट्टी लावली. त्याची बायको ओरियाना मेणबत्ती घेऊन भिंतीभिंतीने फिरली. ज्योत कुठेच हलली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातून वाजवल्या.

त्या हिवाळ्यात दुखणी सुरू झाली. आधी मांजर. ती रोज माझ्या चौकटीला टेकून झोपायची. एका दुपारी ती उठेना. ओरियानाने तिला उचलून ओसरीत ठेवलं, तशी ती धडपडत उभी राहिली, लाकडांच्या ढिगावर जाऊन बसली, आणि त्या दिवसापासून मी पेटलेली असताना ती घरात येईनाशी झाली. मुसळधार पावसात बाहेर बसायची आणि काचेतून माझ्याकडे बघायची. तिच्या त्या बघण्याची मला भीती वाटू लागली.

मग माणसांची डोकी दुखू लागली. रोज थोडी थोडी. ऑर्फेलिना म्हणे वय झालं. निबाल्दो रविवारी कपाळ धरून बसायचा, तर बायको म्हणे शनिवारची वाईन. पण काही दिवशी दुखणं फार वाढायचं. यास्नाला उलट्या व्हायच्या, ती पेंगायची, हाक मारली तर उशिरा बघायची. कोणत्या दिवशी असं होतं, हे ऑर्फेलिनाने बरोबर हेरलं. रुदेसिंदा येऊन गेली की त्या दिवशी.

हे खरं होतं, मित्रांनो, खोटं नव्हतं. म्हातारी आठवड्यातून एकदा मेंढीच्या दुधाचं चीज घेऊन यायची, यास्नाला मांडीवर घ्यायची, काय सुंदर डोळे आहेत गं तुझे, म्हणायची. आमच्याकडे लेकराचं कौतुक केलं की मागोमाग देव राखो म्हणावं लागतं, नाहीतर दृष्ट लागते. रुदेसिंदा म्हणायची नाही. ती विसरायची की मुद्दाम टाळायची, ते मला माहीत नाही. ती गेली की तासाभरात पोर आडवी व्हायची.

तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ओरियाना फार घाबरली. सकाळी पाऊस थांबलेला बघून तिने पोरीला घोडीवर पुढ्यात घेतलं आणि डोंगरापलीकडच्या दृष्ट उतरवणाऱ्या बाईकडे नेलं. संध्याकाळी पोर हसत, गाणं म्हणत परत आली. मनगटात लाल धागा होता. आता कोणाला शंका उरली नाही. ऑर्फेलिनाने दारामागे झाडू उलटा उभा केला, म्हणजे नको तो पाहुणा लवकर उठतो. गावातही ती बोलली. दुकानात बोलली, चर्चच्या पायरीवर बोलली. लोक रुदेसिंदा दिसली की मुलं घरात घेऊ लागले.

आणि मी? खरं सांगते. मला शंका आली होती. मांजर बाहेर गेली तेव्हाच आली होती. दार उघडं राहिलं की पोर खेळते आणि दार बंद झालं की पेंगते, हे सगळ्यांत जवळून मीच बघत होते. पण स्वतःवर संशय घ्यायला कोणाला आवडतं? मी चाळीस वर्षांची प्रेमाची शेगडी. म्हातारीला दोष देणं मलाही सोपं वाटलं. याची मला लाज वाटते.

पुढच्या खेपेला रुदेसिंदा आली तेव्हा पाऊस कोसळत होता. ऑर्फेलिनाने तोंड फिरवलं, पण रीत मोडली नाही. दोन ओंजळी कोळसा वाढवला, मला म्हातारीच्या पायांशी सरकवलं, दार लावलं. ओरियानाने पोरीचं तोंड आपल्या शालीत लपवलं. रुदेसिंदाने ते बघितलं. पोरीच्या मनगटाकडे बघितलं, दारामागे बघितलं.

"नवा धागा, उलटा झाडू, आणि पोर शालीत," ती म्हणाली. "म्हणजे माझीच दृष्ट लागते, असं ठरलंय."

ऑर्फेलिना म्हणाली, ठरवायचं काय त्यात, तू आलीस की पोर पडते. सगळ्या घराने बघितलंय.

"बघितलंय ते बरोबर बघितलंय," रुदेसिंदा शांतपणे म्हणाली. "पण मला एक सांगा. इथून गेल्यावर माझंही डोकं फुटायला येतं. ओढ्यापर्यंत चालत गेले की उतरतं. मग काय, मीच मला दृष्ट लावते?"

ओरियानाने मान वर केली. हे तिला नवीन होतं. म्हातारीने उठून दार उघडलं. ऑर्फेलिना ओरडली की वारा शिरेल, तर ती उंबऱ्यापाशीच बसली आणि लाकडांवर भिजत बसलेल्या मांजरीकडे बोट करून ओरियानाला म्हणाली, "घरात शेगडी असताना पावसात बसलेली मांजर मी जन्मात बघितली नाही. असं नवल दिसलं ना पोरी, की थांबायचं. आणि विचारायचं, काय खरं असलं तर हे नवल राहणार नाही?"

मग ती एकेक गोष्ट घेऊ लागली, हरवलेल्या जनावराचा माग काढावा तशी. पाणी वाईट असेल का? पण त्याच विहिरीचं पाणी तीन घरं पितात आणि दुसरी दोन ठणठणीत आहेत. चीज वाईट असेल का? पण मांजर चीज खात नाही. दृष्ट असेल, तर मला का लागते, आणि मी नसताना निबाल्दोचं डोकं का दुखतं? शेवटी तिने ओरियानाला विचारलं, त्या दिवशी घोडीवर पोर कुठे बरी झाली. त्या बाईने मंत्र घातल्यावर की आधीच?

ओरियानाने शालीतल्या पोरीकडे बघितलं. मग म्हणाली, "गिरणीच्या वळणावर तिने रोट मागितला. अजून निम्मी वाट बाकी होती."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, माझ्या निखाऱ्यांना घाम फुटत नाही, नाहीतर फुटला असता. ती म्हणाली की पाहुणीसाठी तुम्ही कोळसा वाढवता आणि दार लावता. मी येते तेव्हा मी एकटी येत नाही, माझ्याबरोबर हीसुद्धा जास्त पेटते. मग तुमचा संशय माझ्यावर का आणि हिच्यावर का नाही?

ऑर्फेलिना उसळली. "ती माझ्या आईची आहे. चाळीस वर्षांत तिने कोणाचं नखही दुखवलं नाही."

"शेगडी तीच आहे," रुदेसिंदा म्हणाली. "घर ते नाही."

ऑर्फेलिनाला ते पटलं नाही. साल टाकल्यावर विष राहतंच कसं, हे तिचं पालुपद चालूच राहिलं. तेव्हा म्हातारीने एक गोष्ट मागितली, आणि ती ऐकून ओरियानाचा चेहरा पांढरा पडला. सात दिवस शेगडी अंगणात ठेवा, ती म्हणाली. सात दिवस मी रोज येते, पोरीला समोर बसवून तिच्या डोळ्यांत पोटभर बघते, कौतुक करते आणि देव राखो म्हणत नाही. पोर पडली तर दोष माझा, मी मेंढ्या घेऊन गाव सोडते. नाही पडली, तर दोष कोणाचा ते तुम्हीच ठरवा.

एका आईला हे कबूल करणं किती कठीण, याचा विचार करा. ज्या डोळ्यांची भीती, त्याच डोळ्यांपुढे लेकराला बसवायचं. ओरियानाने पोरीला आणखी जवळ ओढलं. तरी ती हो म्हणाली. त्याच दुपारी मला ओसरीत ठेवलं आणि माझ्यात झडीचं पाणी साचू लागलं.

पहिल्या दिवशी म्हातारी आली. मी कान टवकारून बसले. आतून पोर पडल्याचा आवाज येईल, म्हणून मी घाबरले होते. आणि येणार नाही, म्हणूनही घाबरले होते. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी यास्ना शिंकली. चौथ्या दिवशी सकाळी तिचं नाक वाहू लागलं, अंग कोमट झालं आणि ती थंडीने काकडू लागली. त्याच दिवशी ओढ्याला पूर आला आणि रुदेसिंदा पलीकडेच अडकली.

ऑर्फेलिना म्हणाली, झालं समाधान? तीन दिवस बघितलं, पोर पडली. ओरियाना रडू लागली. ही आजवरची उलटी-पेंग नव्हती, साधं पडसं होतं. मी ओसरीतून ते ओळखलं. पण आईला लेकराचे निळे ओठ दिसत होते आणि त्यापुढे तिला दुसरं काही दिसेना. तिने बोंड पेटवलं, कोळसा रचला, धूर जाऊ दिला, आणि मला आत नेलं.

नको, असं मी म्हणत होते. मला तोंड नाही. दार बंद झालं, दाराखालची पट्टी बसली, वर संत्र्याची साल पडली. मी स्वतःला विझवायचा प्रयत्न केला, पण शेगडीला ते जमत नाही. आपण जे आहोत तेच करत राहावं लागतं, याहून भयंकर दुसरं काय असेल?

तासाभरात पोरीच्या गालांवर लाली आली. ऑर्फेलिना खूश झाली. रंग आला बघ, म्हणाली, आणि बोलता बोलता तिची मान छातीवर पडली. यास्ना गादीवर लवंडली. ओरियाना लोकरीचा मोजा विणत होती. तिचे टाके सुटू लागले. ती ते पुन्हा उचलायची, पुन्हा सुटायचे. तिने कपाळ दाबलं. मग पोरीला हाक मारली. पोर बोलली नाही. दुसरी हाक मारली. पोरीचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ती बघत नव्हती.

दृष्ट, असं ओरियाना पुटपुटली. सवयीने तिची नजर पाहुण्यांच्या खुर्चीकडे गेली. खुर्ची रिकामी होती. ती त्या खुर्चीकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात धुकं दाटलं होतं, विचार पुढे सरकत नव्हता, आणि तो सरकावा म्हणून मी जळता जळता देवाचा धावा करत होते.

"आज ती आलीच नाही," ओरियाना म्हणाली.

मग तिने माझ्याकडे बघितलं.

ती उठली आणि तिचे पाय लुळे पडले. ती गुडघ्यांवर रांगत दारापर्यंत गेली. कडी तिच्या बोटांतून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा निघाली. दार उघडलं आणि पाऊस आत आला. तिने पोरीला पायांना धरून ओढलं, गादीवरून, फळ्यांवरून, उंबऱ्यावरून, पार अंगणात. मग ती सासूसाठी परत आली. ऑर्फेलिना अर्धवट शुद्धीत होती आणि तिला ढकलत होती. दार लाव गं, पोरीला वारा लागेल, एवढंच ती बडबडत होती. ओरियानाने तिला शालीसकट फरफटत बाहेर नेलं.

मी आत एकटी राहिले. मला काही दिसत नव्हतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मधूनमधून ओरियानाचा आवाज येत होता, यास्ना, यास्ना, यास्ना. उत्तर येत नव्हतं. भूकंपानंतर मी नऊ दिवस मातीखाली होते, पण तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती. तेव्हा काही झालं असतं तर मी मेले असते. आता मी मारणार होते.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग ओकण्याचा आवाज आला, आणि त्यामागून रडणं. जोरात, रागावलेलं, थंडीने काकडलेल्या पोरीचं रडणं. ते ऐकलं आणि मला कळलं की मीच गुन्हेगार होते. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

थोड्या वेळाने ऑर्फेलिना भिंत धरत आत आली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. तिने मला कान धरून ओसरीत ओढलं, हात पोळले तरी सोडलं नाही, आणि पागोळीखालची भरलेली बादली माझ्यावर ओतली. मी फुसकारले आणि माझा तळ तडकला. ती माझ्यापाशी खाली बसली आणि आपल्या आईला हाक मारून लहान मुलीसारखी रडली.

दोन दिवसांनी ओढा उतरला आणि रुदेसिंदा आली. ऑर्फेलिना अंगणात जाऊन उभी राहिली. मी तुझ्याबद्दल गावभर वाईट बोलले, असं ती खाली बघत म्हणाली. रुदेसिंदा म्हणाली, "माहीत आहे मला. आता गावभर उलटं बोल." ऑर्फेलिनाने ते अक्षरशः केलं. पोळलेल्या हातांना फडकं बांधून ती नव्या घरांच्या ओळीत दारोदार गेली, कोणाचं डोकं दुखतं का, कोणाची मांजर बाहेर बसते का, असं विचारत. सहा घरांनी हो म्हटलं. त्या सहाही शेगड्या आता अंगणात आहेत. निबाल्दोने शनिवारी येऊन, विषाला पुन्हा बाहेर जायला वाट मिळावी म्हणून, आपण बुजवलेल्या फटी उपसल्या, आणि पुढल्या वर्षी धूर बाहेर नेणाऱ्या नळीची चूल बसवली.

मी ओसरीच्या कोपऱ्यात आहे. माझ्या तडकलेल्या तळावर कधी अंगणात रोट भाजतात. यास्ना आता शाळेत जाते. येणारे जाणारे मला बघून हळहळतात. एवढी सुबक जुनी वस्तू, थंडीपावसात टाकून दिली, आत घ्या की बिचारीला, म्हणतात. ते ऐकलं की माझा थरकाप उडतो.

मित्रांनो, सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला विसरू नका, आमची काळजी घ्या. माझी विनवणी निराळी आहे. घरात काही विपरीत घडलं, की ज्याचा तुम्हाला राग आहे त्याच्याकडे आधी बोट जातं. ते बोट जरा थांबवा. जे जे दिसतंय ते सगळं समोर मांडा, न पटणारंही मांडा, आणि विचारा की काय खरं असलं तर या सगळ्याचा उलगडा होईल. आणि विचारताना ज्यांच्यावर तुमचं प्रेम आहे त्यांना वगळू नका. मलाही वगळू नका. कोणी माझी कीव येऊन मला बंद खोलीत न्यायला लागलं, तर दारात आडवे उभे राहा. मला बाहेर थंडी वाजते, मित्रांनो. वाजू द्या.